व्याह्यांनी नापास पोरगं मागितलं

२०२४ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि आमचे व्याही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. म्हणजे ते सांगतात तसं. जन्मतारखेचा कागद दोघांकडेही नाही. या माणसानं उभ्या आयुष्यात एकाही वस्तूची वरची बाजू पाहिलेली नाही, हे मी महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. उदगीरच्या मोंढ्यात त्यांनी चाळीस वर्षं धान्याची आडत चालवली आणि आता लातूरला मुलाकडे असतात. पोत्याच्या तोंडाशी असतो तो दाणा दाखवायचा आणि बुडाशी असतो तो विकायचा, ही त्यांच्या धंद्याची पहिली आणि शेवटची शिकवण. म्हणून पोतं समोर आलं की तोंड न उघडता आडत्यांची ती दाणे काढायची टोकदार पोकळ लोखंडी नळी थेट बुडात खुपसायची, ओंजळभर दाणे काढायचे, एक दाताखाली फोडायचा, मनाशी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायचं आणि मग भाव बोलायचा. माल पसंत पडला की तोंडातून एकच शब्द, ‘हौदु’. म्हणजे बरोबर. हा शब्द मी वीस वर्षांत त्यांच्या तोंडून पाचसहा वेळाच ऐकला असेल.

आडत सुटली, नळी मुलानं कुठंतरी टाकून दिली, पण सवय काही गेली नाही. भाजीच्या बाजारात टोमॅटोच्या ढिगाला हे खालून हात घालतात आणि वरचा ढीग गडगडत शेजारणीच्या कोथिंबिरीवर जातो. उदगीरला एक माळीणबाई त्यांना लांबून येताना पाहिलं की ढिगावर आडवी व्हायची. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतात. लग्नाला गेले की पहिल्या पंगतीला कितीही हाताला धरून ओढा, बसायचे नाहीत. शेवटच्या पंगतीला बसणार, पातेल्यातून खरवडलेला भात आणि तळाची आमटी खाणार आणि ढेकर देऊन यजमानाला सांगणार की तुमची दानत बरी आहे. पहिल्या पंगतीला वाढतात तो मान, शेवटच्या पंगतीला वाढतात तो स्वभाव, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका श्रीमंत लग्नात शेवटच्या पंगतीला नुसतं ताक आलं. त्या घरची सोयरीक यांनी पुढं कुणाला म्हणून सुचवली नाही.

लेकीसाठी माझं घर बघायला आले तो दिवस मी विसरणार नाही. मी तेव्हा हदगावला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. शाळा चौथीपर्यंतच, पण मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेरिंग गेलं ते डोळे मिटून सांगायचो. मालकसुद्धा मला विचारल्याशिवाय पट्टा बदलत नसे. पाहुणे येणार म्हणून घर सारवून घेतलं, सतरंजी अंथरली, पोराला नवा शर्ट चढवला आणि माझ्या धाकट्या भावाला मागं कडब्याच्या गंजीआड बसवून ठेवलं. भाऊ शिंदीच्या नादी लागलेला, कामाधंद्याचा नाही. असा माणूस पाहुण्यांपुढं कोण आणतो? व्याही आले, सतरंजीवर बसले नाहीत, पोराकडं बघितलंसुद्धा नाही. पाणी पिऊन विचारलं, ‘घरात वाया गेलेलं माणूस कोण हाय? त्याला भेटवा.’ मी म्हटलं, आमच्याकडं तसं कुणी नाही. ते म्हणाले, बूड नसलेलं पोतं मी आजवर बघितलेलं न्हाई. आणि सरळ उठून मागच्या दारानं गेले. तास झाला, दीड तास झाला. मी रागानं लाल झालो होतो. परत आले ते भावाच्या खांद्यावर हात ठेवूनच. म्हणाले, ‘पाव्हणं, ह्याला रोज दोन टायमाला गरम भाकर मिळती म्हणतोय. ज्या घरात ह्याला गरम भाकर मिळती तिथं माझी लेक उपाशी राहायची न्हाई.’ आणि सुपारी फोडली. सोयरीक झाली, पण माझं घर त्यांनी गंजीआडून तपासलं हे मी मनात ठेवलं ते ठेवलंच.

तर असे हे व्याही आणि असा मी, आणि आमच्या दोघांमध्ये एक नात, सृष्टी. माझा पोरगा नांदेडला एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहे आणि जिनिंग सुटल्यावर मीही त्याच्याकडंच राहायला आलो, त्यामुळे ती वाढली माझ्याजवळ. लहानपणापासून पोरीला दोनच नाद, गणित आणि यंत्र. सातवीत असताना तिनं मिक्सरची मोटर काढून एक गाडी केली होती. फरशीवर काळी पट्टी चिकटवली की ती गाडी पट्टी धरून आपोआप वळणं घेत जायची. आमच्या घरी दोन महिने चटणी पाट्यावर वाटली, पण मी कुणाला तिच्यावर ओरडू दिलं नाही. बारावी झाली, प्रवेश परीक्षेत मार्क चांगले पडले. गल्लीतल्या सगळ्यांनी डॉक्टर, डॉक्टर म्हणून कान किटवले. नांदेड-लातूरकडं हुशार लेकरू दिसलं की लोकांना दुसरं काही सुचतच नाही. पोरगी म्हणाली, मला रोबोट करायचेत. विषय तिथंच संपला.

पण कॉलेजचा विषय तिथून सुरू झाला. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि त्यात कॉलेजं आपल्या पसंतीनं ओळीनं लिहायची. पहिल्या नंबरला लिहिलेलं मिळालं तर तेच घ्यावं लागतं, मग मागं फिरता येत नाही. म्हणजे सगळा मामला त्या पहिल्या ओळीचा. मी म्हटलं, नांदेडचं. व्याही फोनवरून म्हणाले, लातूरचं. कारणं दोघांनी लई सांगितली. मी मशिनरीची सांगितली, त्यांनी शिक्षणाची सांगितली. खरं कारण एकच होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. चार वर्षं पोरगी कुणाच्या दारात चपला काढणार, एवढाच प्रश्न होता. आठ दिवस आम्ही फोनवर भांडलो. शेवटी सून बेजार झाली आणि म्हणाली, दोन दिवस राहिलेत, दोघं मिळून दोन्ही कॉलेजं बघून या आणि पोरीला संगं न्या.

पहिल्या दिवशी लातूर. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही, तिथंही लोकांची लेकरं शिकतात. फाटकापासून ऑफिसपर्यंत हुशार पोरांच्या फोटोंचे फ्लेक्स, नावापुढं मार्क, मार्कांपुढं फुलं. मी मनात म्हटलं, आज व्याही खामोश राहतील. कॉलेज त्यांच्या गावचं, पोर त्यांच्या घरी राहायची. एवढ्या सोईच्या पोत्यात कोण नळी खुपसतो? व्याह्यांनी फ्लेक्सकडं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. कपाळाची विभूती नीट केली, खिडकीपाशी गेले, नमस्काराला हात जोडले आणि क्लार्कला म्हणाले, ‘शरणार्थ. तुमच्याकडलं एखादं नापास झालेलं लेकरू दाखवता का?’

क्लार्कनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, हे तुमच्याबरोबर आहेत का अशा नजरेनं. मी फ्लेक्स वाचायला लागलो. क्लार्क म्हणाला की आमच्याकडं कुणी नापास होत नाही. व्याह्यांनी मान हलवली आणि चपला घालून फाटकाबाहेर निघून गेले. तेवढ्यात एक साहेब आले. त्यांनी मला आणि पोरीला आत नेलं. मला गादीची खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, काका, तुम्ही टेक्निकल माणूस दिसता. खोटं कशाला बोलू, माझी छाती दोन बोटं फुगली. मग त्यांनी काचेच्या कपाटातला रोबोट दाखवला. असा चकचकीत की त्यात माझा फेटा दिसत होता. सृष्टीनं विचारलं, उघडून बघू का? साहेब हसले, म्हणाले, तिसऱ्या वर्षाला आल्यावर. मी चहा संपवला. मनात म्हटलं, हरलो. व्याह्यांचं कॉलेज झकास आहे.

व्याही फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एका पोराजवळ बसले होते. आम्हाला बघताच उठले. पोरगा हळूच त्यांना म्हणाला, आजोबा, माझं नाव सांगू नका बरं. नांदेडच्या बसमध्ये व्याही खिडकीशी बसले आणि अहमदपूर येईपर्यंत बाहेरची रानं बघत राहिले. पोरगी मागच्या सीटवर झोपली होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘न्हाई पाव्हणं. माल वरवरचा हाय.’

मी म्हटलं, म्हणजे काय? ते सांगत गेले तसं कळलं की त्या पोराचे तीन विषय राहिलेत. ज्या दिवशी राहिले त्या दिवसापासून वर्गात त्याला कुणी नावानं हाक मारलेली नाही आणि त्या रोबोटच्या कपाटाची चावी फोटोवाल्या पोरांपलीकडं कुणाला मिळत नाही. मी तरी म्हटलं, यंत्र मात्र नामी आहे. तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाले, ‘फिटर तुम्ही का मी? मी जाताजाता खिडकीतनं बघितलं, त्याच्या चाकाचं रबर कोरं हाय. ते यंत्र आजवर हातभर चाललेलं न्हाई.’ चाळीस वर्षं मशीन हाताळलेला माणूस मी, आणि गादीच्या खुर्चीवर बसून मला चाक दिसलं नाही. नांदेड येईपर्यंत मग मी समोरून येणाऱ्या गाड्यांची चाकंच बघत आलो.

दुसऱ्या दिवशी नांदेडचं. याचंही नाव सांगत नाही, नाहीतर मी माझ्या गावची तरफदारी केली असं म्हणाल. इमारतीचा रंग उडालेला, फाटकाचा एक पल्ला वाकलेला. मला मनातून शरम वाटत होती आणि चेहऱ्यावर मी ती दिसू देत नव्हतो. रोबोटच्या खोलीत एक मॅडम होत्या, पायात साधी चप्पल, हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी. बसा म्हणाल्या, पण बसायला खुर्ची नव्हती. होत्या त्या सगळ्यांवर वायरींचे गुंते पडले होते. व्याह्यांनी शरणार्थ केलं आणि आपला सवाल टाकला. मी डोळे मिटून घेतले.

मॅडमनी थोडा विचार केला आणि विचारलं, ‘कुठल्या विषयात नापास पाहिजे?’

व्याह्यांना उलटा सवाल टाकणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. शेवटी मीच म्हटलं, गणितात दाखवा, आमच्या पोरीचा तोच विषय आहे. मॅडमनी वाकून टेबलाखाली हाक मारली. खाली एक पोरगी पडलेला स्क्रू शोधत होती. ती रांगत बाहेर आली, ओढणी झटकली आणि आम्हाला बघून लाजली. आमच्या हदगावकडची निघाली. गणिताचा तिसरा पेपर दोनदा राहिलेला. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी सोयाबीनच्या दोन तासांमधून, म्हणजे पेरलेल्या ओळींमधून, आपोआप चालत तण काढणारी एक गाडी केली होती, आणि ती गाडी काळ्या मातीत रुतत होती. म्हणून तिनं गावाकडून पोतंभर माती आणून खोलीतच एका लांब पेटीत पसरली होती. पोतं बघितल्यावर आमच्या व्याह्यांना राहवेना. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून बुडाची माती काढली, चिमटीत चुरली आणि विचारलं, हिरीजवळची का वरच्या शेतातली? पोरगी म्हणाली, वरच्या. व्याह्यांनी मान डोलावली.

तोवर सृष्टी खाली मांडी घालून बसली होती. वही काढली, चाक केवढं, वजन किती, वेग किती असं भराभर मांडलं आणि उत्तर काढून दाखवलं की गाडी रुतायला नको. ती हदगावची पोरगी वहीवर वाकून म्हणाली, ‘गणित बरोबर हाय गं तुझं. पण काळ्या मातीला कुठं ते ठाऊक हाय?’ आणि गाडी सुरू केली. गाडी वीतभर गेली आणि रुतली. सृष्टीनं वहीचं पान फाडलं, पुन्हा मांडायला घेतलं. मला काही विचारायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं की पुढच्या डाव्या चाकाचं बेरिंग गेलंय, आवाज ऐका. खोलून बघितलं तर आत चिखल. माझ्याकडं कुणी टेक्निकल माणूस वगैरे म्हणून बघितलं नाही. हदगावच्या पोरीनं माझ्या हातात पाना दिला आणि म्हणाली, आजोबा, हे जरा धरा.

मॅडम सांगत होत्या की तो पेपर सुटेपर्यंत रोज चारला त्या या पोरीला गणित शिकवायला बसतात, आणि मातीचं काही अडलं की तिला विचारतात. व्याह्यांनी पोरीला विचारलं, नापास झालीस तेव्हा घरी काय सांगितलंस? ती म्हणाली, मी रडत बसले होते, मॅडमनीच वडिलांना फोन केला. वडिलांनी विचारलं, तिची गाडी चालू हाय ना? मॅडम म्हणाल्या, चालू हाय. वडील म्हणाले, मग राहू द्या तिथंच.

व्याह्यांनी हाताची माती झटकली आणि म्हणाले, ‘हौदु.’

मी जिंकलो होतो. रिक्षातून येताना मी मिशीला पीळ भरला, वाटेत पेढे घेतले. घरी आलो, सृष्टीनं लॅपटॉप उघडला, फॉर्म पक्का करायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपत होती. आणि पहिल्या ओळीत काही लिहायच्या आधी पोरगी म्हणाली, आबा, मी हॉस्टेलला राहीन. कॉलेजातली रोबोटची खोली रात्री नवापर्यंत उघडी असते. घरी यायचं म्हटलं की अंधार पडायच्या आत, म्हणजे मला सहालाच निघावं लागेल.

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. घर सहा किलोमीटरवर, घरात आजोबा धडधाकट, आणि पोर हॉस्टेलात? लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याला नात जड झाली? मी सांगितलं, मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही. पोरगी माझीच नात. ती शांतपणे म्हणाली, ‘ठीक आहे आबा. मग मी पहिल्या नंबरला पुण्याचं टाकते. तिथून घरी यायचा प्रश्नच नाही.’ पोरगा ड्युटीवरून आला, त्यानं समजावलं. मी ऐकलं नाही. चार वाजले, पाच वाजले. मी खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसलो. व्याही अंगणात बसले होते, पण या गोष्टीत एका शब्दानं पडले नाहीत. मला त्याचाही राग आला. बोलायचं तेव्हा हा माणूस बोलत नाही.

मग सून आत आली, चहाचा कप ठेवला आणि दार लोटून घेतलं. ती मला मामा म्हणते. मोठ्यानं बोलणारी बाई नाही. म्हणाली, ‘मामा, आमच्या अप्पांनी गेल्या साली लातूरला माडीवर सृष्टीसाठी खोली बांधली. खिडकीपाशी तारा जोडायला लांब कडप्पा बसवला, चार प्लगांच्या जागी बारा काढले. काल त्या कॉलेजातून निघाल्यावर त्यांनी मला फोन केला. म्हणाले, पोरीजवळ खोलीचं बोलू नको, नाहीतर माझ्या मायेपायी ती वरवरच्या मालात फसंल.’

एवढं बोलून ती भाकरी टाकायला गेली. चहा तसाच गार झाला. मी काय विचार केला ते लिहिण्यासारखं नाही. लिहायला घेतलं तर दोन ओळीत मीच लहान दिसेन. उठलो, बाहेरच्या खोलीत गेलो आणि सृष्टीला म्हटलं, लिही पहिल्या नंबरला नांदेडचं, आणि हॉस्टेलचं काय ते मी येऊन सही करतो, कुठं करायची तेवढं बोट ठेवून दाखव. तिनं माझ्याकडं बघितलं आणि बटण दाबलं. अंगणातून व्याह्यांनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही लातूरला परत निघाले. आजवर मी त्यांच्या घरी गेलो तो बोलावणं आल्यावर, मानानं. मुलाकडची बाजू आमची, बोलावल्याशिवाय जाण्याची रीत नाही. मी सातच्या आत फेटा बांधला, बसस्टँडवर त्यांच्याबरोबर गेलो, लातूरची बस लागली, ते चढले आणि त्यांच्या मागोमाग मीही चढलो. ते म्हणाले, ‘पाव्हणं, तुम्ही कुठं?’

मी म्हटलं, सरका जरा, आणि खोली बघायला आलोय म्हणून सांगितलं. त्यांनी खिडकीची जागा मला दिली. कंधार फाटा गेला, लोहा गेलं, आम्ही दोघंही बाहेर बघत होतो. अहमदपूरच्या अलीकडं ते हळूच म्हणाले, वरून दिसायला काही खास न्हाई, पण उजेड चांगला येतो.